लाल दोऱ्याची खूण

सुप्रभा सोनकुसरेला आयुष्यात दोनदा दाखवून झालं. एकदा उमरेडला, नवरा मिळावा म्हणून. दुसऱ्यांदा ब्रिस्टलला, नोकरी मिळावी म्हणून. दोन्ही वेळा काय दाखवायचं यापेक्षा काय झाकायचं याचीच तयारी घरच्यांनी जास्त केली.

झाकायचे होते ते कान. सहा वर्षांची असताना तिला मेंदूज्वर झाला. ताप उतरला, पण जाताना कानही घेऊन गेला. घर विणकरांचं. दोन खड्डा-माग, सकाळपासून खटाक-खटाक. पोरगी त्या आवाजात वाढली असं म्हणता येत नाही, त्या हादऱ्यात वाढली. जमिनीवर तळपाय टेकला की कोणता माग चालू आहे आणि कोणता थांबला हे तिला कळायचं. माग थांबला म्हणजे धागा तुटला. मग ही उठायची, ताण्यातला तुटलेला धागा शोधायची आणि अशी बारीक गाठ मारायची की कापडावरून हात फिरवला तरी बोटाला लागू नये. बाप कौतुकाने म्हणायचा, पोट्टीचे डोये बोटात आहेत.

बघायला आलेल्या मंडळींना आईने सांगितलं, पोरगी लाजाळू आहे, कमी बोलते. झाकली मूठ सव्वा लाखाची. गिरीशला लग्नानंतर चौथ्या दिवशी खरं कळलं. तो बिचारा चिडला नाही. दोनच दिवसांत तो बोलताना तिच्या समोर येऊन उभा राहायला लागला. पण त्याच्या आईने ते कधी पचवलं नाही. फसवून माथी मारली, हे वाक्य ती कधी भाजी निवडताना म्हणायची, कधी देवाला फुलं वाहताना. तिला वाटायचं सुनेला ऐकू जात नाही. ओठ वाचणाऱ्या माणसाला टोमणे चुकत नसतात, उलट जरा जास्तच स्वच्छ दिसतात. सुप्रभाने ते पंधरा वर्षं वाचले. तिने एवढंच धरून ठेवलं, की बहिरेपणाची शिक्षा तिला कोणी दिली नव्हती, झाकपाकीची दिली होती. आणि ती झाकपाक तिने केलीही नव्हती.

गिरीश हॉस्पिटलातली यंत्रं दुरुस्त करणारा इंजिनिअर. व्हिसा मिळाला तसा तो बायको आणि दहा वर्षांच्या उर्वीला घेऊन ब्रिस्टलला आला आणि फिशपाँड्समध्ये एक अरुंद घर भाड्याने घेतलं. इथल्या हॉस्पिटलने सुप्रभाला कानाची दोन छोटी मशीनं दिली. त्यांनी तिला शब्द कळत नसत, पण दार आपटलं, भांडं पडलं, कुणी मागून हाक मारली, हे समजायला लागलं. कॉलेजच्या संध्याकाळच्या वर्गात जाऊन ती इंग्रजी लिहा-वाचायला शिकली. ओठांवरचं इंग्रजी मात्र जड गेलं. ती म्हणायची, हे लोक तोंड न उघडता बोलतात, थंडी आत जाईल म्हणून.

उर्वी मोठी झाली, सिक्स्थ फॉर्मला, म्हणजे आपल्या अकरावी-बारावीला गेली आणि सुप्रभाचे हात रिकामे झाले. तिला काम हवं होतं. पोटासाठी नव्हे, घर गिरीशच्या पगारात चालत होतं. "हाताले काम नसलं का माणूस गंजून राह्यते," असं ती म्हणायची. तिने सुपरमार्केटला अर्ज केला, शाळेच्या किचनला केला, गोदामात पाकिटं भरायला केला. एकूण एकोणीस. प्रत्येक फॉर्मवर एक प्रश्न असायचा, तुम्हाला काही अपंगत्व आहे का. आणि प्रत्येक वेळी गिरीश नाहीच्या चौकोनात खूण करायचा. एकदा तिने पेन धरून ठेवलं आणि हो लिहू म्हणाली. तो म्हणाला, मंग बोलावतीलच काहून? त्याच्या या बोलण्यात दुष्टावा नव्हता. आईने पंधरा वर्षं बायकोचं काय केलं ते त्याने पाहिलं होतं. परक्या माणसांकडून त्याला यापेक्षा बरं काही अपेक्षित नव्हतं.

गंमत अशी की नाही लिहूनही कोणी बोलावत नव्हतं. कारण जिथे तिथे पहिली फेरी फोनवर. किचनमध्ये बटाटे सोलायचे असले तरी आधी फोनवर पंधरा मिनिटं बोलायचं. बहिऱ्या बाईने फोनवर काय बोलायचं? आणि बहिरी नाही असं लिहून दिल्यावर फोन नको तरी कोणत्या तोंडाने सांगायचं? फोन वाजायचा, गिरीश उचलायचा, मिसेस बाहेर गेली आहे म्हणायचा. दोनदा असं झालं की नाव कटलं.

विसावा अर्ज फिल्टनच्या बाजूच्या एका छोट्या कारखान्याचा होता. तिथे विमानात बसवायच्या वायरींच्या जुड्या बांधतात. भल्यामोठ्या लाकडी फळीवर खिळे ठोकलेले असतात, त्या खिळ्यांच्या वाटांनी शेकडो वायरी टाकायच्या आणि मेण लावलेल्या दोऱ्याने बोटा-बोटाच्या अंतरावर गाठी मारत त्यांची जुडी करायची. हे काम अजून मशीनला जमत नाही. जाहिरातीत एक फोटो होता, फळीवर वाकलेल्या दोन बायकांचा. सुप्रभाने तो मोठा करून पाहिला, पुन्हा पाहिला आणि गिरीशला म्हणाली, "हे मले येते."

तिने हे इतक्या शांतपणे सांगितलं की घरातली बाकी दोघं पेटली. आणि त्या पेटण्यातच त्यांच्या हातून चूक घडली. कारखान्याचा फोन आला तेव्हा उर्वीने तो उचलला आणि आपणच सुप्रभा आहोत असं सांगून मुलाखत देऊन टाकली. सतरा वर्षांची पोर, बोलणं अस्सल ब्रिस्टलचं. वीस मिनिटं बोलली. फोन ठेवून आईसमोर नाचत आली. "आई, मी सांगितली की मी फोर्टी-टू आहे, आणि माझी मुलगी खूप हुशार आहे. ती लेडी खूप हसला. तुझी ट्रायल लागली, नेक्स्ट वेनस्डेला." गिरीशही हसला. सुप्रभा हसली नाही. पण दोन तास खरं काम करायला मिळणार होतं, आणि त्या लोभापुढे तिने तोंड मिटलं. ते तिचं तिला पुढे खूप दिवस खात राहिलं.

आता प्रश्न आला की फोनवरचा तो ब्रिस्टलचा आवाज आणायचा कुठून. यावर गिरीशने उपाय काढला तो कोणत्याही विनोदी नाटकात शोभावा. ऐन जुलैत तिच्या गळ्याभोवती मफलर गुंडाळायचा आणि घसा बसलाय असं सांगायचं. कानातली मशीनं दिसू नयेत म्हणून ती काढायची, केस मोकळे सोडायचे. लग्नाच्या वेळीही आईने केस असेच कानांवर ओढून बसवले होते. म्हणजे बरी नोकरी मिळावी म्हणून थोडंफार ऐकणारी बाई पार बहिरी होऊन गेली. मशीनं मात्र तिने घरी ठेवली नाहीत. डबीत घालून पर्समध्ये टाकली.

ट्रायल घ्यायला मॉरीन नावाची बाई होती. साठीची, सत्तावीस वर्षं त्याच फळीवर घालवलेली, पेन्सिल कायम दातांत. तिने मफलर पाहिला, घशाचं ऐकलं, चहा दिला आणि फळीसमोर बसवलं. एक जुडी स्वतः बांधून दाखवली आणि दोरा सुप्रभाच्या हातात दिला.

पहिल्या दहा गाठी चाचपत गेल्या. मेणाचा दोरा सुताहून निसरडा, ओढ वेगळी. मग बोटांना सापडलं. मॉरीन नंतर सगळ्यांना सांगत असे की तिने असं कधी बघितलं नव्हतं. ही बाई गाठीकडे बघतच नव्हती. बघत होती पुढच्या वायरीकडे, आणि मागे बोटं आपापलं काम उरकत होती. मॉरीन दोनदा मागे येऊन काही बोलली. उत्तर आलं नाही, तिला वाटलं कामात गुंग आहे.

दर बुधवारी सकाळी दहा वाजता तिथे आगीच्या घंटेची चाचणी होते. सगळ्यांना ठाऊक असतं, कोणी जागचं हलत नाही, पण घंटा इतकी कर्कश की अख्खी खोली दचकते आणि चेहरे वाकडे करते. त्या बुधवारीही दचकले. एक सोडून सगळे. सुप्रभाने दोऱ्याचं टोक कापलं आणि पुढची गाठ घेतली.

मॉरीनला सगळं समजलं. ती वळसा घालून समोर आली, दातातली पेन्सिल काढली आणि स्वतःच्या कानाला बोट लावून भुवया उंचावल्या. फक्त एवढंच.

सुप्रभाजवळ अजूनही सबब होती. घसा, इंग्रजी, लक्ष नव्हतं, काहीही चाललं असतं. तिने मफलर काढून फळीच्या कडेला ठेवला. केस मागे सारले. पर्समधून डबी काढली आणि मॉरीनच्या डोळ्यांसमोर दोन्ही कानांत मशीनं बसवली. इथवर कोणीही केलं असतं, कारण पकडली गेलीच होती. पण पुढचं तिला कोणी विचारलं नव्हतं. तिने आपल्या जाड, सपाट आवाजात तोडक्या इंग्रजीत सांगितलं की फोनवर मी नव्हते, माझी मुलगी होती. फॉर्मवरही खोटं आहे. आणि लिहायची वही काढून तेच पुन्हा नीट लिहून दिलं, सहीसकट.

मॉरीनने तिला नीलकडे नेलं. नील तिथला मॅनेजर, चाळिशीचा, शर्टाच्या खिशात चार पेनं. माणूस वाईट नव्हता, अडचण खरी होती. त्या कामात प्रत्येकाचा स्वतःच्या नंबरचा शिक्का असतो. जुडी बांधली की कागदावर आपला शिक्का मारायचा, म्हणजे हे मी केलं आणि ठीक केलं. तो शिक्का बघून विमान उडतं. जी बाई फॉर्मवर खोटं लिहिते तिच्या शिक्क्यावर मी माणसं कशी उडवू, असं त्याचं म्हणणं. त्याने तिच्या वहीत लिहिलं की कानांबद्दल माझी काही तक्रार नाही, खोटेपणाबद्दल आहे. तिने वाचलं, मान डोलावली, आभार मानले आणि बसने घरी आली.

गिरीश त्या दिवशी फार बोलला. बोलायची काय गरज होती, दोन तास निघाले असते, नोकरी लागली असती, मग सांगितलं असतं हळूच. हात दाखवून अवलक्षण केलंस. उर्वी रडत होती, चूक आपली म्हणून. सुप्रभा पोळ्या लाटत होती. शेवटची पोळी उतरवून तिने गॅस बंद केला आणि त्याच्याकडे तोंड केलं.

"तुमच्या मायनं मले पंधरा वर्सं काय म्हटलं, ते मी आयकलं नाही, पण पाह्यलं. आता तेच मले इंग्रजीत नाही पाहायचं. धाग्याले खूण बांधली मी तिथं, मंग फॉर्मले काहून नाही बांधायची?"

गिरीशला खुणेचं काही कळलं नाही. तिनेही उलगडून सांगितलं नाही, जेवायला वाढलं.

ती खूण मॉरीनच्या हाती लागली दुसऱ्या दिवशी. ट्रायलची जुडी ती तपासत होती. गाठी एकसारख्या, ओढ एकसारखी, चांगल्या अनुभवी हाताला शोभाव्यात अशा. आणि मधेच एका गाठीशेजारी लाल दोऱ्याचा एक बारीक तुकडा बांधलेला. मॉरीनला वाटलं कचरा अडकलाय. उलगडून भिंगाखाली पाहिलं तर त्या गाठीखालच्या वायरीच्या आवरणावर केसाएवढी चीर होती. वायर मुळातच तशी आली होती.

विणकरांच्या घरात ही रीत असते. कापड विणताना कुठे खोट राहिली तर विणणाराच त्या जागी किनारीला रंगीत दोरा बांधतो. घेणाऱ्याने तो दोरा बघायचा आणि ठरवायचं. दोरा न बांधता ठाण विकलं आणि खोट मागून निघाली, तर त्या घराचं कापड पुन्हा कोणी घेत नाही. सुप्रभाने ना कोणाला विचारलं होतं, ना सांगितलं होतं. तिच्या हिशेबी खोट दिसली की खूण, यात सांगायचं काय? दोरा कुठला, तर तिच्या ओढणीच्या काठाचा.

मॉरीन जुडी घेऊन नीलच्या टेबलावर गेली. काय बोलली ते तिच्याच तोंडचं म्हणून लोक सांगतात. शिक्का मारणारे आपल्याकडे तीस आहेत, नील. आपल्या ट्रायलमधली खोट आपणच दाखवणारं एकही नाही. आणि दुसरं म्हणजे, वायरी बांधायला आपण फोनवर माणसं निवडतो, हे डोकं कोणाचं? डोकं नीलचंच होतं. फळीवरच्या चार जागा वर्षभर रिकाम्या होत्या. फोनवर गोड बोलणारी माणसं येत होती आणि तिसऱ्या आठवड्यात बोटं दुखतात म्हणून जात होती.

पंधरा दिवसांनी पत्र आलं, भेटायला या. गिरीश रजा टाकून बरोबर यायला निघाला, तर ती नको म्हणाली. तिथे टेबलावर एक टॅब्लेट ठेवला होता, नील बोलेल ते त्यावर अक्षरांत उमटत होतं. त्याने आधीचा फॉर्म तिच्यासमोर फाडला आणि कोरा पुढे केला. या वेळी तुमच्या अक्षरात, म्हणाला. तिने भरला. त्या चौकोनाशी आली, हो वर खूण केली आणि पेन इतकं दाबलं की कागद फाटता फाटता राहिला.

मग नीलने विचारलं की इथे नीट काम करायला तुम्हाला काय लागेल. टॅब्लेटवर ते वाक्य उमटलं आणि सुप्रभा त्याकडे बघत राहिली. बेचाळीस वर्षांत हे तिला कोणी विचारलं नव्हतं. आईने नाही, नवऱ्यानेही नाही, आणि नवरा तर चांगला होता. उद्या सांगते, म्हणाली.

दुसऱ्या दिवशी वहीचं एक पान घेऊन आली. बसायची जागा दाराकडे तोंड करून. घंटा वाजली की लागणारा एक दिवा. बोलायचं असेल तर समोर येऊन. आणि चौथं, मॉरीनने माझ्याशी बोलताना पेन्सिल तोंडातून काढावी. नीलने ते मोठ्याने वाचलं. मॉरीन म्हणाली, सत्तावीस वर्षांत नवऱ्यालाही जमलं नाही ते ही बाई करायला निघाली. पण पेन्सिल त्या दिवसापासून कानावर गेली. दिवा बसवायला कारखान्याच्या विजेवाल्याला अर्धी दुपार लागली. एवढीच ती भानगड, आणि एवढ्यासाठी एकोणीस ठिकाणी ती बाई नको होती.

तीन महिने परीक्षेचे ठरले. ती बाकीच्यांशी कशी रुळली त्याच्या गोष्टी पुष्कळ आहेत. मॉरीन सगळ्यांना ब्रिस्टलच्या रिवाजाप्रमाणे माय लव्हर म्हणते, हे सुप्रभाने ओठांवरून टिपलं आणि घरी येऊन जसंच्या तसं सांगितलं, तेव्हा गिरीशचा घास हातात राहिला. उर्वीने समजावलं की बाबा, ते तुमच्याकडचं "काय बाप्पा"सारखंच आहे. फोनची फेरी नीलने काढून टाकली, सरळ फळीवर बसवायचं ठरवलं. त्यामुळे कॉलिन आला, पन्नाशीचा, बोलताना अडखळणारा. फोनवर त्याला आजवर कोणी स्वतःचं नावही पूर्ण सांगू दिलं नव्हतं. सुप्रभाला त्याच्या अडखळण्याचं काहीच नव्हतं, तिच्या दृष्टीने तो एकच माणूस सावकाश आणि नीट बोलतो. दोघांची गट्टी जमली. रिकाम्या चारांपैकी तीन जागा हिवाळ्याच्या आत भरल्या आणि आलेली माणसं टिकली.

नोव्हेंबरात तिची नोकरी पक्की झाली, शिक्का मिळाला. आणि त्याच आठवड्यात तिने साहेबाशी भांडण काढलं.

वायरीचं नवं रीळ आलं होतं. कागदपत्रं चोख, तपासणीचे सगळे शिक्के जागेवर. सुप्रभाने हातभर वायर ओढली, बोटांतून फिरवली, पुन्हा फिरवली आणि रीळ बाजूला ठेवलं. आवरण कुठे जाड, कुठे पातळ लागतंय, म्हणाली. मॉरीनने बोट फिरवलं, तिला काही लागलं नाही. कॉलिनला नाही. नीलला तर नाहीच. शुक्रवारी माल जायचा होता. नील तिच्यासमोर येऊन, नीट तोंड उघडून, चांगला अर्धा तास बोलला. रीळ परत पाठवलं तर आठवडा जाईल, गिऱ्हाईक ओरडेल, कागद सांगतात वायर बरोबर आहे. तिने सगळं शांतपणे वाचलं. मग जमेल तेवढ्या नीट इंग्रजीत बोलली.

"तुम्ही दुसऱ्याला द्या बांधायला. माझा शिक्का यावर नाही बसणार."

नील काचेच्या खोलीत गेला. सगळी फळी काम थांबवून काचेकडे बघत होती, सुप्रभा सोडून. ती दुसऱ्या जुडीला लागली होती. पाच मिनिटांनी तो फोन कानाला लावूनच बाहेर आला. तो वायरवाल्याला सांगत होता की माल परत येतोय. पलीकडून विचारलं असावं की कोणत्या चाचणीत नापास झाला.

नील म्हणाला, "आमच्या सुप्रभाच्या हातात."

तिची पाठ त्याच्याकडे होती. कॉलिनने तिच्या खांद्याला हात लावून तिला वळवलं आणि नील काय म्हणाला ते सावकाश, अडखळत, पण पूर्ण सांगितलं. तिने ते ओठांवरून वाचून घेतलं, मान डोलावली आणि जुन्या रिळाची वायर ओढली.